द्वारकाआत्याचं मत

माझी आत्या सिनेमा बसून बघत नाही. तिच्या घरी समोरच्या खोलीत सोफा आहे, खाली सतरंजी असते, भिंतीवर मावेल तेवढा मोठा टीव्ही आहे. आम्ही सगळे पाय पसरून बसतो. ती मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी. एक खांदा चौकटीला टेकलेला, हातात लसूण, नाहीतर नुसतंच फडकं. मधूनच आत जाते, काहीतरी उचलते, दुसरीकडे ठेवते, परत येते. सिनेमा तिच्यासाठी थांबत नाही आणि तीही सिनेमासाठी थांबत नाही.

"आई, बस ना व एका जागी," तिचा मुलगा हर्षदीप दर रविवारी म्हणतो.

"तू टीव्हीकडं पाय. माह्याकडं काऊन पाहून राह्यला?"

द्वारकाबाई म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. उटनूरला मुलींच्या सरकारी वसतिगृहात तिनं स्वयंपाकघर सांभाळलं आणि निवृत्त झाल्यावर आदिलाबादला, आमच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या घरात राहायला आली. यजमान तिचे कधीचेच गेले. हर्षदीप उटनूरलाच एका कार्यालयात कारकून आहे. आठवडाभर तिकडे, शनिवारी संध्याकाळी घरी. आणि रविवार म्हणजे एक सिनेमा आणि एक हॉटेल, हा त्याचा नेम.

नेमाचा दुसरा भाग असा की दोन्हींवर मत द्यायचं. त्यासाठी मोबाइलवर आमच्या नातेवाइकांचा एक ग्रुप आहे. नाव 'रविवार कमिटी'. हर्षदीप तिथं कार्यालयातल्या कागदासारखं लिहितो. 'सदर चित्रपट मध्यंतरापर्यंत समाधानकारक. त्यानंतर गती मंद. शिफारस नाही.' किंवा 'बिर्याणी मंजूर, रायता नामंजूर, बिल पाहून पुनर्विचार.' मग तारे देतो. मग चंद्रपूरची एक चुलत बहीण भांडते, यवतमाळचा कुणीतरी म्हणतो तुमच्याकडं बिर्याणी मिळतेच कुठं, आणि संध्याकाळ जाते. मी एम.ए. होऊन घरी आलेली, अजून कुठंच रुजू न झालेली, त्यामुळं मला या भांडणांचाही आधार वाटायचा.

आत्याला लिहायचा कंटाळा. ती मोबाइल तोंडाजवळ धरून बोलते आणि हर्षदीप ते 'आईचा निकाल' म्हणून टाकतो. लोक त्याचीच वाट बघत असतात, कारण ती सिनेमाबद्दल जे बोलते ते दुसरं कुणी बोलत नाही.

एकदा हैदराबादकडचा मारामारीचा सिनेमा होता. नायिकेच्या वाड्यावर लांबच लांब टेबल, त्यावर चांदीची भांडी, वडील ओरडतात, मुलगी रडत उठते, तिच्यामागं आई, आईमागं भाऊ. आत्या दारातून पुढं सरकली.

"माय व, पनीर तसंच राह्यलं."

"आई, तिचं लग्न मोडलं तिथं!"

"मोडू दे. आता ते ताटं कोन उचलन?"

त्या दिवशीचा तिचा निकाल होता, "याच्यात कोनीच पुरतं जेवत नाई. मारामारी चांगली हाय."

भुताच्या सिनेमावर ती म्हणाली होती की सगळे घर सोडून पळाले, पण दूध उतू जात होतं, गॅस कोणी बंद केला नाही, भूत तरी काय करन. एका मराठी सिनेमात गावातला गरीब मास्तर पाहुण्यांना स्वतः चहा देतो, ते बघून मात्र ती दारातून हलली. आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

हॉटेलांबद्दलची तिची मतं याहून वेगळी. हर्षदीप चव सांगायचा, तिखट, तेल, मसाला. आत्या कधी चवीबद्दल बोलायचीच नाही. आदिलाबादच्या स्टँडजवळच्या हॉटेलबद्दल ती म्हणाली, "आत नेऊन बसवलं. चांगलं हाय." निर्मलला जाताना एका ढाब्यावर थांबलो, तिथल्या रोट्यांची हर्षदीप अजून आठवण काढतो, आत्याचा निकाल होता, "हात धुवाची जागा मांगं हाय, अंधारात. मले नाई पटलं." आणि एकदा गांधी चौकाकडून येताना आइस्क्रीम खाल्लं, कागदी कपात. खाऊन झाल्यावर पोरानं सगळ्यांचे कप गोळा करून डब्यात टाकले. आत्या डब्याकडे बघत राहिली.

"सगळ्याइचेच फेकतेत?"

"हो ना. कागदाचे हायेत."

"मंग बेस हाय हे."

आइस्क्रीम कोणतं होतं, असं मी रात्री विचारलं तर तिला सांगता आलं नाही.

पण हर्षदीपला खरा त्रास व्हायचा तो जेवण झाल्यावर. शेवटचा घास संपला की आत्या उभी राहायची आणि आपलं ताट उचलायची. वेटर धावत यायचा. ती ताट सोडायची नाही. "नळ कुठं हाय, सांग," म्हणायची. निर्मलच्या त्या ढाब्यावर तर ती सरळ मागं गेली आणि ताट घासायला बसली. तिथला पोऱ्या हात हलवत 'वद्दु अम्मा, वद्दु', नको नको, करत राहिला आणि आजूबाजूचे ट्रकवाले हसले. गाडीत हर्षदीपनं रेडिओ मोठा केला. घरी आल्यावर म्हणाला, "होस्टेलची सवय. तिथं पोरींना शिकवलं ना, आपापलं ताट धुवा म्हणून. जात नाही ती सवय."

मलाही तेच वाटत होतं.

दिवाळीनंतर हर्षदीपच्या लग्नाचं जमू लागलं. मुलगी प्रगती, बासरच्या विद्यापीठात कारकून असलेल्या रंजीताताईंची मुलगी. फोनवर बोलणं झालं होतं, फोटो बघून झाले होते, दोघांची आपापसात सिनेमांवरून भांडणंही सुरू झाली होती. आता रीतसर भेट. पूर्वी मुलीच्या घरी पोहे व्हायचे. आता मध्येच कुठंतरी हॉटेलात जेवतात. मुलीला ट्रे घेऊन यावं लागत नाही, हे मला त्यातलं बरं वाटतं. दोन्हीकडून सोयीचं म्हणून इचोडा ठरलं.

"हायवेवर नवीन झालंय," हर्षदीपनं मोबाइल पुढं केला. "एसी हाय. काचेचं दार. पार्किंग पाय केवढी. मी साहेबांसंगं गेलो होतो मागं."

आत्यानं फोटो जवळ घेतला. बोटानं मोठा केला, जसं तिला त्यानंच शिकवलं होतं.

"समोर लिंब होता. दिसून नाई राह्यला."

"कोणता लिंब? पार्किंग हाय ना तिथं."

"बाजाराच्या तोंडाले हाय ना हे? जुन्या शेठच्या जागेवर?"

"असन. काय करायचं आपल्याले? पटलं का नाही ते सांग."

तिनं मोबाइल परत दिला. "दुसरीकडं नाई का कुठं?"

"रंजीताताईला पत्ता पाठवला मीनं."

"मंग झालं," आत्या म्हणाली आणि उठली.

तो आठवडा ती एका जागी ठरली नाही. एका दिवशी डब्यांचं फडताळ रिकामं केलं, पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामं केलं. निळी साडी काढली, इस्त्रीला दिली, आणून ठेवली, मग पांढऱ्यावर किनार असलेली बरी म्हणाली. सकाळी भिंतीपलीकडून म्हणायची, "अर्पू, मी नाई येत व, माहे गुडघे दुखतेत." दुपारी विचारायची, "तिथं जिना तं नाई चढा लागत?" माझे वडील धम्मपाल शाळेतून आले की ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची, काहीच न बोलता परत जायची. वडीलही पेपर उघडून बसायचे. या दोघा भावंडांमध्ये न बोललेलं काहीतरी आहे, एवढंच मला कळत होतं.

गुरुवारी दुपारी मी तिच्याकडे सिनेमा लावून बसले होते. घरात दोघीच. कुठल्यातरी डोंगराळ गावातली गोष्ट, फार हळू चाललेली, मीही अर्धवट बघत होते. आत्या दारात. पडद्यावर म्हातारा माणूस रस्त्याकडेच्या टपरीवर चहा पीत होता.

"आमी इचोड्याले जात होतो," ती अचानक म्हणाली. "बाबासंगं. कापसाच्या गाडीवर."

मी आवाज कमी केला.

"मी लहान पोट्टी होती. तुहा बाप तवा झालाबी नव्हता. बाबा दुसऱ्याच्या गाडीवर जाये, कापूस उतरवाले. बाजाराच्या तोंडाले शेठचं हॉटेल. टिनाचं. समोर लिंब. लिंबाच्या फांदीले आपले कप."

"आपले?"

"आपल्या लोकाइचे. दांडी तुटलेले. आपन काढाचा, पुढं धराचा, तो वरून चहा टाके. पेऊन झालं का आपनच धुवाचा. तो पानीबी वरूनच टाके. मंग पुन्हा फांदीले."

ती हे सांगताना टीव्हीकडेच बघत होती. हातातल्या फडक्याची घडी घालत होती, मोडत होती.

"एक दिवस मले भाजलं. कप लय गरम होता. मीनं तो बाकावर ठेवला. हॉटेलच्या बाकावर. जरासाक चहा सांडला."

पडद्यावरचा म्हातारा उठून चालायला लागला होता.

"शेठ लय बोलला. मले नाई, बाबाले बोलला. मंग बाबानं तो बाक धुतला. राख लावून. सारे लोकं पाहून राह्यले होते. मी कप धरून उभी. आन् गाडीवर परत येताना बाबानं मले काय इचारलं माहीत हाय? 'चहा गोड होता नं व?'"

"मग?"

"मले सांगताच नाई आलं. मीनं पेलाच कुठं होता? म्हनलं, हो. बाबाले बरं वाटलं असन." तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "हर्षदीपले सांगू नको. त्याचं लग्नाचं जेवन हाय. त्याचं मन जेवनात राहू दे."

"तू येणार आहेस ना?"

"जा लागन ना," ती म्हणाली. "बसून तं पाहीन एकदा. पन माहे हात काय करतेत, माहा भरोसा नाई."

शनिवारी संध्याकाळी हर्षदीप आला. नवीन शर्ट, दाढी करून. आत्यानं त्याच्यापुढं भाकरी ठेवली. तो जरा वेळ कांदा चिरडत बसला, मग म्हणाला,

"आई, एक बोलू? राग नको येऊ देऊ."

"बोल."

"उद्या तिथं ताट नको उचलू. पाहुण्यासमोर. त्या लोकाइले काय वाटन?"

"काय वाटन?"

"वाटन का... असंच वाटन काहीतरी. तुले समजून नाही राह्यलं काय?"

"समजते मले," आत्या म्हणाली. "तुह्या आधीपासून समजते."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं नजरेनंच मला गप्प बसवलं.

रविवारी आम्ही भाड्याची गाडी करून निघालो. वडील म्हणाले, त्यांना पेपर तपासायचे आहेत. आत्यानं त्यांना यायचा आग्रह केला नाही. हायवेवर कापसाचे ट्रक होते, इतके फुगलेले की दोन्ही बाजूंनी कापूस ओसंडत होता, आणि रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना त्याचे पुंजके अडकले होते. एरवी बसमधून जाताना इचोडा आलं की आत्या डावीकडच्या खिडकीतून शेतं बघते, हे मला आठवलं. त्या दिवशी ती उजवीकडे, बाजाराच्या बाजूला बसली होती. गुडीहतनूर गेल्यावर म्हणाली, "गाडी थांबव जरा." थांबवली. उतरली नाही. पाणी प्यायली, म्हणाली, "चाल."

काचेचं दार एका पोऱ्यानं उघडून धरलं. आत गारवा, बारीक संगीत, चकचकीत फरशी. आत्या उंबऱ्यावर थांबली. तिथं उंबरा नव्हता, पण ती थांबली. मग आत आली.

हर्षदीप कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळला. आत्या म्हणाली, "तिथं नाई. मधी बसू."

"मधात सगळे पाहतेत आई."

"पाहू दे."

गल्ल्यामागच्या भिंतीवर एक मोठा फोटो लावला होता, काळापांढरा, शोभेसाठी. टिनाचं छप्पर, कडुलिंबाचं झाड, एक लांब बाक, त्यावर धोतरातली माणसं. आत्या त्याच्यासमोर उभी राहिली. मीही राहिले. झाडाच्या फांद्या फोटोच्या कडेनं कापल्या गेल्या होत्या.

गल्ल्यावरचा तरुण माणूस खूश झाला. "हमारे दादाजी का होटल है, अम्मा. उस जमाने में पूरा बाजार यहीं चाय पीता था."

"हाँ," आत्या म्हणाली. "मैंने भी पी. बाहर."

"अच्छा!" तो आणखी खूश झाला. "फिर तो आप हमारी पुरानी गिराक हुईं."

आत्यानं फोटोतल्या बाकावर बोट ठेवलं, काचेवरून. मग बोट काढून घेतलं.

इतक्यात रंजीताताई आणि प्रगती आल्या. जय भीम झाला, बसणं झालं, गुडघ्यांची आणि रस्त्याची चौकशी झाली. रंजीताताई ठेंगण्या, हसतमुख, बोलताना हातातली पर्स सारखी या मांडीवरून त्या मांडीवर घेणाऱ्या. मला वाटलं, यांच्याही जिवाला काहीतरी लागून राहिलं आहे. प्रगती मात्र मोकळी.

"ते रविवार कमिटीवाले हेच ना?" ती हर्षदीपला म्हणाली. "मागच्या सिनेमाले अडीच तारे कोणत्या नियमानं दिले?"

"मध्यंतरानंतर काही घडतच नाही त्याच्यात."

"तुमी मध्यंतरानंतर मोबाइल पाहत असाल."

"हो, तेच करते तो," आत्या म्हणाली. "मी उभ्यानं पाहते तं मले जास्त दिसते."

"आत्याबाई, तुमचे निकाल मी सारे आयकले," प्रगती म्हणाली. "याइनं पाठवले मले. ते पनीरवालं तं आमच्या ऑफिसमदी बी फिरलं." आणि रंजीताताई इतक्या हसल्या की त्यांची पर्स खाली पडली.

जेवण आलं. डाळ, दोन भाज्या, रोट्या, भात. हर्षदीप आणि प्रगती बोलत राहिले, सिनेमाचा शेवट आधी सांगावा की नाही यावर. आत्या खाली मान घालून जेवत होती, सावकाश, एकेक घास, जणू प्रत्येक घासाला काही विचारत होती. तिला असं जेवताना मी कधी बघितलं नव्हतं. घरी ती उभ्या उभ्या, गडबडीत जेवते.

शेवटचा घास संपला. आता.

हर्षदीप बोलता बोलता थांबला. मीही. टेबलाखाली आत्यानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तिच्या दुसऱ्या हाताचं कोपर वर आलं. खाली गेलं.

आणि तेवढ्यात रंजीताताई उठल्या. त्यांनी उरलेलं एका ताटात सारलं, वाट्यांत वाट्या घातल्या, पेल्यात पेला, ताटावर ताट, हे सगळं इतक्या झटपट की आम्हाला कळायच्या आत त्यांच्या हातात थप्पी होती.

"धुवाचं कुठं हाय हो?" त्या कुणाला तरी, वेटरला, आम्हाला, हवेला विचारत होत्या.

"आई!"

ही हाक हर्षदीपची नव्हती. प्रगतीची होती. हर्षदीपचं तोंड नुसतंच उघडं राहिलं.

रंजीताताई मधल्यामध्ये उभ्या राहिल्या. बाजूच्या टेबलावरचं कुटुंब बघत होतं. त्यांचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं.

आत्यानं पदर सोडला. तोच हात तिनं रंजीताताईंच्या मनगटावर ठेवला.

"ठेवा, ताई. बसा."

"सवय हो बाई. हात आयकतच नाई."

"माहीत हाय मले. माहेबी नाई आयकत." आत्यानं थप्पी त्यांच्या हातातून घेतली, पण उचलली नाही, टेबलावरच, मध्यभागी ठेवली. "इथं आपन नाई उचलाचं. त्याइले उचलू द्या."

रंजीताताई बसल्या. वेटर आला, ताटं घेऊन गेला. दोन्ही बाया हात मांडीवर ठेवून तो जाईपर्यंत बघत होत्या, जणू आपलंच कोणी गाडीत बसवून द्यायला आल्या आहेत.

"अम्मा, और कुछ?" दुसरा वेटर.

"चहा," आत्या म्हणाली.

"चाय एसी में नहीं है अम्मा. बाहर काउंटर पे मिलेगी."

"आई, निंगताना पिऊ बाहेर," हर्षदीप म्हणाला.

"बाहेर नाई पेत मी."

आवाज चढलेला नव्हता. पण हर्षदीपनं तिच्याकडे वळून बघितलं, बराच वेळ, आणि मग वेटरला म्हणाला, "यहीं लाओ भाई. जैसे भी हो."

"सर, एसी में..."

"मालिक को बुलाओ," प्रगती म्हणाली.

गल्ल्यावरचा तरुण स्वतःच आला. काय झालं ते ऐकलं, हसला. "अरे, हमारी पुरानी गिराक हैं. यहीं पिलाओ. सबको." आणि निघून गेला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. असायचं कारणही नव्हतं.

चहा आला. पांढरी कपबशी, दांडीवाली. आत्यानं बशीत ओतला नाही. कप उचलला, फुंकर घातली, प्यायली. थांबली. पुन्हा प्यायली. आमचे संपले तरी तिचा चाललाच होता. आता ती कुठं जायच्या घाईत नव्हती. घाई आम्हालाच झाली होती.

तिनं कप खाली ठेवला. थोडा चहा बशीबाहेर, टेबलावर सांडला. छोटासा तपकिरी डाग, त्याची कड हळूहळू पसरत होती. आत्याचा पदर डागापर्यंत गेला.  पदर तिथंच, डागाच्या वर, अधांतरी.

मग तिनं पदर मागं घेतला, खांद्यावर नीट केला आणि उभी राहिली.

"चाला," ती म्हणाली.

बाहेर दोघी आयांनी पार्किंगमध्ये उभं राहून लग्नाचं बोलून घेतलं. पुढचा महिना, नाहीतर त्याच्या पुढचा. जिथं लिंब असावा असं मला वाटत होतं, तिथंच नेमकी आमची गाडी उभी होती.

परतीच्या वाटेवर हर्षदीप पुढं बसला होता. गुडीहतनूरच्या अलीकडे म्हणाला, "आई, तू ती जागा ओळखत होती ना?"

"तुह्या मामाले इचार," आत्या म्हणाली. "तो मोठा झाला, मंग मीनंच त्याले सांगितलं. तवापासून तो तिथं उतरत नाई. इचार त्याले, सांगन तो. आता सांगू दे." आणि हात पुढं केला. "मोबाइल दे. निकाल राह्यला."

त्यानं ग्रुप उघडून दिला. तिनं मोबाइल तोंडाजवळ धरला. खिडकी उघडी होती, वाऱ्याचा आवाज त्यात शिरत होता, तरी तिनं काच वर करू दिली नाही.

"पोरगी पटली. सिनेमा शेवटपर्यंत पाहते म्हनते, मंग संसारबी करन. इहीन आपल्यासारखीच हाय. हॉटेल एसी हाय, पन जेवन असंतसंच. डाळीत मीठ कमी. वांग्याची भाजी कच्ची. रोट्या वातड, माह्या हातच्या भाकरीची सर नाई..."

"आई, तू तं सारं खाल्लं!"

"खाल्लं म्हनून तं सांगून राह्यली," आत्या त्याच्यावर खेकसली आणि मोबाइल पुन्हा तोंडाशी नेला. थोडं थांबली. एक कापसाचा ट्रक आम्हाला ओलांडून गेला.

"चहा गोड होता," ती म्हणाली.